इलेक्ट्रोस्प्रे मास स्पेक्ट्रोमेट्रीने लहान रेणूंचे विश्लेषण

संश्लेषणाच्या प्रयोगशाळेत नवे संयुग तयार झाले, वनस्पतीचा अर्क हाती आला किंवा औषधाच्या गोळीतील अशुद्धी शोधण्याची वेळ आली, की आज पहिली मागणी बहुधा ‘मास काढून आणा’ अशीच असते, आणि ती मागणी पुरवणारे उपकरण बहुतेक वेळा इलेक्ट्रोस्प्रे आयनीकरणावर चालणारे असते. मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणजे रेणूंना विद्युतभार देऊन, त्यांच्या वस्तुमानाचे त्यांच्या भाराशी असलेले गुणोत्तर मोजण्याची पद्धत. तिच्यातून मिळणारा आलेख म्हणजे वर्णपट. नमुना द्रावणात दिला की काही मिनिटांत वर्णपट हाती येतो, आणि या सोयीमुळेच एक गैरसमज रुजतो: वर्णपटावर जे दिसते ते सारे नमुन्यात आहे, जे दिसत नाही ते नमुन्यात नाही, आणि ज्याचे शिखर उंच तो पदार्थ अधिक. ही तिन्ही गृहीतके चुकीची आहेत. इलेक्ट्रोस्प्रेचा वर्णपट ही नमुन्यातील घटकांची यादी नसून, विशिष्ट द्रावणातून व विशिष्ट परिस्थितीत जे रेणू विद्युतभारित होऊन वायुरूपात पोहोचले त्यांची नोंद असते, आणि म्हणून त्याचे वाचन उपकरणापाशी नव्हे, तर नमुन्याची कुपी भरताना सुरू होते.

हा मुद्दा स्पष्ट व्हावा यासाठी पुढील विवेचनात हळदीच्या अर्काचे उदाहरण घेतले आहे. सांगली आणि हिंगोलीच्या बाजारपेठांमुळे हा नमुना महाराष्ट्रातील प्रयोगशाळांत नेहमी येतो, आणि त्याच्यात या तंत्राची बलस्थाने व मर्यादा दोन्ही एकाच कुपीत सापडतात. हळदीचा पिवळा रंग मुख्यतः तीन निकटच्या संयुगांमुळे येतो: कर्क्युमिन, डिमिथॉक्सिकर्क्युमिन आणि बिसडिमिथॉक्सिकर्क्युमिन. ही तिन्ही ‘लहान रेणू’ या वर्गात मोडतात. या वर्गाची सीमा काटेकोर नसली तरी साधारणपणे १००० डाल्टनपेक्षा कमी वस्तुमानाच्या सेंद्रिय रेणूंना ही संज्ञा वापरली जाते.

थेंबातून आयन कसा निघतो

इलेक्ट्रोस्प्रेमध्ये नमुन्याचे द्रावण एका बारीक धातूच्या केशनळीतून हळूहळू पुढे ढकलले जाते आणि नळी व उपकरणाचे प्रवेशद्वार यांच्यामध्ये साधारण २ ते ५ किलोव्होल्ट विभवांतर ठेवले जाते. विद्युतक्षेत्राच्या ओढीमुळे नळीच्या टोकाशी द्रव शंकूचा आकार घेतो. जेफ्री टेलर यांनी १९६४ साली या शंकूचे गणित मांडले, म्हणून तो टेलर शंकू या नावाने ओळखला जातो. शंकूच्या अग्रातून सूक्ष्म, एकाच प्रकारच्या भाराचे थेंब सुटतात, तापवलेल्या नायट्रोजन वायूत त्यांच्यातील द्रावक उडून जातो, थेंब आकसतो, पण त्यावरील भार तेवढाच राहतो. एका टप्प्यावर भारांचे परस्पर प्रतिकर्षण पृष्ठताणावर मात करते आणि थेंब फुटून आणखी लहान थेंब तयार होतात. ही मर्यादा लॉर्ड रॅले यांनी १८८२ मध्येच दाखवून दिली होती. अखेरच्या अतिसूक्ष्म थेंबांच्या पृष्ठभागावरून लहान आयन थेट वायूत निसटतात, असे १९७६ साली इरिबार्न आणि थॉमसन यांनी मांडलेले प्रारूप सांगते, आणि लहान रेणूंच्या बाबतीत तेच सामान्यतः स्वीकारले जाते. प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंसाठी मात्र सर्व द्रावक उडून गेल्यावर थेंबातला भार रेणूवरच उरतो हे माल्कम डोल यांचे स्पष्टीकरण अधिक लागू पडते. डोल यांनी १९६८ साली या दिशेने पहिले प्रयोग केले, येल विद्यापीठात जॉन फेन यांनी १९८४ पासून त्यांना वापरण्याजोगे रूप दिले, आणि २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात फेन यांचा वाटा होता.

या यंत्रणेतून व्यवहाराच्या दृष्टीने दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की आयनीकरण सौम्य असते. जुन्या इलेक्ट्रॉन आघात पद्धतीत ७० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन रेणूवर आदळत आणि रेणू बहुधा जागीच फुटत असे. येथे रेणू अखंड राहतो आणि त्याच्या वस्तुमानाची थेट खूण मिळते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि अधिक दुर्लक्षित आहे: थेंबाच्या पृष्ठभागावरील जागा आणि भार मर्यादित असल्यामुळे द्रावणातील सर्व पदार्थ त्यांच्यासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात. जो रेणू सहज प्रोटॉन स्वीकारतो किंवा आधीच भारित आहे आणि ज्याला पृष्ठभागावर येणे सोयीचे आहे, तो जिंकतो. बाकीचे नमुन्यात भरपूर असूनही वर्णपटावर क्षीण दिसतात किंवा दिसतच नाहीत.

नमुना तयार करताना

सर्वाधिक चुका येथेच होतात, आणि त्यातली सर्वांत सार्वत्रिक चूक म्हणजे नमुना फार घट्ट देणे. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला एनएमआरसाठी काही मिलिग्रॅम पदार्थ विरघळवण्याची सवय असते आणि तीच कुपी पुढे मासला पाठवली जाते. प्रत्यक्षात थेट सोडण्याच्या नमुन्यासाठी दर मिलिलिटरला १ ते १० मायक्रोग्रॅम एवढी संहती पुरेशी असते. कर्क्युमिनच्या बाबतीत हे साधारण ३ ते २७ मायक्रोमोलर होते. संहती १० मायक्रोमोलरच्या आसपास किंवा पुढे गेली की संकेत संहतीच्या प्रमाणात वाढत नाही, दोन किंवा तीन रेणू एकत्र येऊन समूह-आयन तयार होतात, आणि नळ्यांच्या आतील पृष्ठभागावर पदार्थ चिकटून पुढच्या अनेक नमुन्यांत तोच दिसत राहतो. मुंबईच्या आयआयटीतील सॅफसारख्या सामायिक सुविधेत दिवसभरात अनेकांचे नमुने एकाच उपकरणातून जातात, तेव्हा एका घट्ट नमुन्याची किंमत इतरांना मोजावी लागते. म्हणून मूळ द्रावण घट्ट करून त्यातून टप्प्याटप्प्याने सौम्य करीत जावे, आणि सौम्य द्रावणात संकेत पुरेसा मिळाला नाही तरच संहती वाढवावी.

द्रावक निवडताना तो बाष्पनशील असणे आणि त्यात आयन टिकणे या दोन्ही अटी पाळाव्या लागतात. मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल यांचे पाण्याशी मिश्रण हा नेहमीचा आणि बहुतेक वेळा योग्य पर्याय होय. नुसत्या पाण्याचा पृष्ठताण जास्त असल्यामुळे फवारा अस्थिर होतो, तर हेक्झेनसारख्या अध्रुवीय द्रावकातून विद्युत वाहत नसल्याने फवारा जवळपास होतच नाही. डीएमएसओमध्ये विरघळवलेला नमुना चालतो, मात्र मिथेनॉलने पुरेसा सौम्य करून. अन्यथा ७९ आणि १५७ या गुणोत्तरांशी डीएमएसओचीच शिखरे उभी राहतात. फॉस्फेट बफर, सोडियम क्लोराइड, जीवरासायनिक प्रयोगांतील सोडियम क्षार आणि साबणासारखी प्रक्षालके यांना येथे स्थान नाही, कारण ती उडून जात नाहीत, उपकरणाच्या प्रवेशद्वारावर त्यांचा थर साचतो आणि थेंबावरील जागा तीच व्यापतात. बफर हवाच असेल तर अमोनियम फॉर्मेट किंवा अमोनियम ॲसिटेट वापरावे आणि त्याचे प्रमाण १० मिलिमोलरच्या आसपास ठेवावे. ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल बाष्पनशील असूनही संकेत दाबते, त्याच्याऐवजी ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल घ्यावे. ट्रायइथिलअमिन तर विशेष टाळावे. ते उपकरणात शिरले की १०२ या गुणोत्तराशी त्याचे शिखर फार काळ रेंगाळते.

हळदीच्या अर्कासाठी पूड मिथेनॉलमध्ये ढवळून, द्रावण ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून मग सौम्य करणे पुरेसे असते. गाळणे ही औपचारिकता नव्हे. डोळ्यांना न दिसणारा कण केशनळी बुजवतो आणि पुढचे सारे काम थांबते. कर्क्युमिन प्रकाशाने आणि विशेषतः आम्लारिधर्मी द्रावणात लवकर अपघटित होते, म्हणून कुपी तपकिरी काचेची असावी आणि द्रावण ताजे असावे. प्लास्टिकच्या नळ्या, टोप्या आणि हातमोजे यांचा संपर्क शक्य तितका कमी ठेवावा. त्याचे कारण पुढे उघड होईल.

प्रत्येक नमुन्याबरोबर एक कोरी चाचणी, म्हणजे त्याच द्रावकाची, त्याच प्रकारच्या गाळणीतून गाळलेली, तशीच पण पदार्थ नसलेली कुपी, देणे हा या लेखातील सर्वांत स्वस्त सल्ला आहे आणि बहुधा सर्वांत उपयुक्तही.

धन की ऋण

उपकरण एका वेळी एका प्रकारचे आयन मोजते, त्यामुळे धनभारित आयन पाहावेत की ऋणभारित, हा निर्णय रेणूची रचना पाहून घ्यावा लागतो. अमिन किंवा नायट्रोजनयुक्त वलय असलेले रेणू प्रोटॉन सहज स्वीकारतात. कॅफीन, पॅरासिटामॉल आणि बहुतेक औषधी अल्कलॉइडे धन पद्धतीत उत्तम दिसतात, आणि थोडे फॉर्मिक आम्ल त्यांना मदत करते. कार्बॉक्सिलिक आम्ले, सल्फोनेट आणि फिनॉल प्रोटॉन सहज सोडतात, म्हणून आयब्युप्रोफेनसारखे रेणू ऋण पद्धतीत २०५ या गुणोत्तराशी अधिक स्पष्ट मिळतात. ऋण पद्धतीत विभव काहीसे कमी ठेवावे, कारण नळीच्या टोकाशी विद्युत ठिणगी पडण्याची शक्यता तेथे जास्त असते. द्रावकात थोडे आयसोप्रोपेनॉल मिसळल्यास फवारा शांत होतो. साखरेसारख्या रेणूंत प्रोटॉन घट्ट धरणारी जागा नसते, पण ऑक्सिजनचे अणू सोडियम आयनाला वेढून घेतात, त्यामुळे ग्लुकोज १८१ ऐवजी २०३ या गुणोत्तराशी दिसते. मेण, पॅराफिन, निव्वळ हायड्रोकार्बन यांना तर या तंत्राने पाहण्याचा आग्रहच धरू नये. त्यांच्यासाठी वायु-वर्णलेखनाशी जोडलेली इलेक्ट्रॉन आघात पद्धत किंवा वातावरणीय दाबावरील रासायनिक आयनीकरण हेच मार्ग आहेत.

कर्क्युमिनमध्ये दोन्ही शक्यता आहेत. त्याच्या मधल्या भागातील कार्बोनिल गट प्रोटॉन स्वीकारतात आणि दोन टोकांचे फिनॉल गट प्रोटॉन सोडतात, म्हणून धन पद्धतीत ३६९.१३३३ आणि ऋण पद्धतीत ३६७.११८७ अशी दोन्ही शिखरे मिळतात. एकाच नमुन्याचे दोन्ही वर्णपट घेतल्यास रेणूचे वस्तुमान ३६८ आहे हे जवळपास निर्विवाद होते. अनोळखी पदार्थाच्या बाबतीत दोन्ही पद्धती चालवण्याची सवय ठेवावी. त्यासाठी लागणारा जादा वेळ मिनिटांत मोजता येतो.

भेसळीचा प्रश्न आला की या निवडीचे महत्त्व आणखी वाढते. हळदीत मिसळला जाणारा मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग सल्फोनेट आहे, म्हणजे द्रावणात तो मुळातच ऋणायन म्हणून वावरतो, आणि ऋण पद्धतीत ३५२.०७६ या गुणोत्तराशी ठळक दिसतो; फक्त धन पद्धतीवर विसंबलेला विश्लेषक या खुणेकडे पुरेसे लक्ष देईलच असे नाही. याउलट हळदीला गडद पिवळेपणा देण्यासाठी वापरले जाणारे लेड क्रोमेट हे विषारी अकार्बनी लवण मिथेनॉलमध्ये विरघळतच नाही, बहुधा गाळणीवरच अडकते, आणि इलेक्ट्रोस्प्रेच्या वर्णपटावर त्याचा मागमूस उरत नाही. शिसे शोधायचे तर प्रेरित युग्मित प्लाझ्मावर आधारलेली वेगळी मास पद्धत किंवा अणुशोषण पद्धत वापरावी लागते. स्वच्छ वर्णपटावरून हळद शुद्ध असल्याचे प्रमाणपत्र देणे हे ग्राहकाच्या आरोग्याशी खेळणे ठरेल.

वर्णपट वाचताना

पहिला घोळ वस्तुमानाच्या अर्थाचा असतो. रसायनाच्या बाटलीवर कर्क्युमिनचा रेणुभार ३६८.३८ असा छापलेला असतो. ही सर्व समस्थानिकांची सरासरी आहे आणि वजन करताना तीच उपयोगी पडते. मास स्पेक्ट्रोमीटर मात्र प्रत्येक समस्थानिकाचा रेणू वेगळा मोजतो, म्हणून तेथे प्रत्येक मूलद्रव्याच्या सर्वाधिक विपुल समस्थानिकाच्या वस्तुमानांची बेरीज घ्यावी लागते, आणि २१ कार्बन, २० हायड्रोजन व ६ ऑक्सिजन अणूंसाठी ती ३६८.१२६० येते. त्यात प्रोटॉनचे १.००७३ मिळवावे, हायड्रोजन अणूचे १.००७८ मिळवणे चूक आहे, कारण आयनाने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. हा फरक ०.०००५५ एवढाच असला तरी ३६९ च्या आसपास तो जवळपास १.५ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दीड भाग, होतो, आणि जेथे नियतकालिके सामान्यतः ५ पीपीएमच्या आतील अचूकता मागतात तेथे तो दुर्लक्षण्याजोगा नाही.

दुसरा घोळ जोडआयनांचा. रेणूला प्रोटॉनच चिकटेल असे नाही. काचेतून, द्रावकातून आणि हातांच्या घामातूनही येणारे सोडियम व पोटॅशियम आयन त्याला जोडले जातात आणि प्रयोगशाळेच्या बोलीत ज्यांना ‘ॲडक्ट’ म्हणतात ती शिखरे उमटतात. प्रोटॉनयुक्त शिखराच्या तुलनेत सोडियमचे शिखर २१.९८२ ने आणि पोटॅशियमचे ३७.९५६ ने पुढे असते. अमोनियम क्षार वापरले असतील तर १७.०२७ ने पुढेही एक शिखर दिसू शकते. ऋण पद्धतीत फॉर्मेट, ॲसिटेट आणि क्लोराइड हीच भूमिका बजावतात. कर्क्युमिनसाठी धन पद्धतीत ३६९.१३३, ३९१.११५ आणि ४०७.०८९ अशी मालिका मिळाली, तर ती तीन पदार्थांची नसून एकाच पदार्थाची आहे हे ओळखता आले पाहिजे. किंबहुना अशी जोडी सापडणे ही आनंदाची गोष्ट आहे, कारण एकट्या शिखरावरून रेणूचे वस्तुमान ठरवणे धोक्याचे असते, पण २१.९८२ चे अंतर राखणारी दोन शिखरे एकमेकांची साक्ष देतात. ७५९.२४१ च्या आसपास आणखी एक शिखर दिसल्यास ते दोन कर्क्युमिन रेणू आणि एक सोडियम यांचा समूह असू शकतो. नमुना दहापट सौम्य केल्यावर ते इतरांपेक्षा झपाट्याने घटले तर शंका उरत नाही.

आता प्लास्टिकविषयीच्या इशाऱ्याचे कारण. लवचिक प्लास्टिकमध्ये वापरले जाणारे डायऑक्टिल थॅलेट हे संयुग जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेच्या हवेत, द्रावकात आणि नळ्यांत असते, आणि त्याचा प्रोटॉनयुक्त आयन ३९१.२८४ या गुणोत्तराशी येतो. कर्क्युमिनचा सोडियमयुक्त आयन ३९१.११५ या गुणोत्तराशी येतो. साध्या क्वाड्रुपोल उपकरणात, जेथे वाचन पूर्णांकापर्यंतच भरवशाचे असते, दोन्ही ‘३९१’ म्हणूनच दिसतात, आणि हळदीत कर्क्युमिन सापडल्याचा आनंद प्रत्यक्षात प्लास्टिकच्या टोपीमुळे झालेला असू शकतो. उड्डाणकालावर आधारलेल्या, म्हणजे टीओएफ, किंवा ऑर्बिट्रॅप उपकरणात ०.१६९ चे हे अंतर सहज वेगळे होते. कोरी चाचणी सोबत असेल, तर साध्या उपकरणावरही फसगत टळते: कोऱ्या वर्णपटात ३९१ असेल तर ते नमुन्याचे नव्हे. १४९ आणि २७९ ही थॅलेटांची, तसेच ४४ च्या समान अंतराने उभी राहणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची शिखरमालिका यांची ओळख प्रत्येक विश्लेषकाने करून घ्यावी.

समस्थानिकांचा नमुना हा वर्णपटातील सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे, पण घाईत त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. निसर्गातील कार्बनचा सुमारे १.१ टक्का भाग कार्बन-१३ असतो, त्यामुळे २१ कार्बन असलेल्या कर्क्युमिनच्या मुख्य शिखरापासून एक एकक पुढे सुमारे २३ टक्के उंचीचे शिखर असलेच पाहिजे. ते ४० टक्के असेल तर त्या जागी आणखी काहीतरी आहे. ते अजिबात नसेल तर मुख्य शिखर विद्युत गोंगाटाचे असण्याचा संभव आहे. क्लोरीन असलेल्या रेणूत दोन एकके पुढे तीनास एक या प्रमाणात, तर ब्रोमीन असलेल्या रेणूत जवळपास समान उंचीचे शिखर येते, आणि मेटॅनिल यलोसारख्या गंधकयुक्त रेणूत तेथे सुमारे साडेचार टक्क्यांचा गंधक-३४ चा वाटा मिळतो. उच्च अचूकतेचे वस्तुमान मिळाल्यावरही त्या वस्तुमानात बसणारी रेणुसूत्रे अनेक असू शकतात; त्यांची संख्या खऱ्या अर्थाने घटते ती समस्थानिकांच्या प्रमाणामुळे. नायट्रोजनचा जुना नियमही येथे उपयोगी पडतो: नायट्रोजन अणूंची संख्या विषम असेल तर रेणूचे पूर्णांकी वस्तुमान विषम असते आणि म्हणून प्रोटॉनयुक्त आयनाचे सम. पॅरासिटामॉलमध्ये एक नायट्रोजन आहे, त्याचे वस्तुमान १५१ आणि आयनाचे १५२; कर्क्युमिनमध्ये नायट्रोजन नाही, त्याचे ३६८ आणि ३६९.

सौम्य आयनीकरणातही रेणू कधीकधी उपकरणाच्या प्रवेशद्वाराशीच फुटतात. द्वाराजवळचे विभव गरजेपेक्षा जास्त ठेवल्यास पाणी, अमोनिया किंवा कार्बन डायऑक्साइड गमावलेले आयन दिसतात आणि ते अर्कातील स्वतंत्र घटक समजले जातात. असे शिखर आढळल्यास ते विभव कमी करून वर्णपट पुन्हा घ्यावा. शिखर घटले आणि मूळ आयन वाढला, तर ते नमुन्यातले नव्हे, उपकरणात तयार झालेले आहे.

रचनेचा शोध

वस्तुमानावरून रचना कळत नाही; ती कळण्यासाठी आयन निवडून, वायूच्या रेणूंवर आदळवून त्याचे तुकडे पाहावे लागतात, आणि यालाच टँडम मास म्हणतात. कर्क्युमिनचा ३६९ चा आयन असा फोडला की १७७.०५५ चा ठळक तुकडा मिळतो, जो रेणूच्या एका टोकाचे मिथॉक्सि गट असलेले वलय आणि त्याला लागून असलेली कार्बनसाखळी दाखवतो. बिसडिमिथॉक्सिकर्क्युमिन, ज्याचा आयन ३०९.११२ ला येतो, त्याच्या दोन्ही वलयांवर मिथॉक्सि गट नाही, म्हणून त्याचा तुकडा ३०.०१०६ ने हलका, १४७.०४४ ला येतो. आणि ३३९.१२३ चा डिमिथॉक्सिकर्क्युमिन फोडला असता १७७ आणि १४७ हे दोन्ही तुकडे मिळतात, कारण त्याचे एक वलय कर्क्युमिनसारखे आणि दुसरे बिसडिमिथॉक्सिकर्क्युमिनसारखे आहे. तुकड्यांवरून रचना उलगडण्याचे याहून सुबक उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास सापडणे कठीण. आघाताची ऊर्जा मात्र एकच ठेवू नये. कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन ऊर्जांवर वर्णपट घेतल्यास कोणता तुकडा कशातून निघाला हे कळते. इलेक्ट्रॉन आघाताचे वर्णपट जगभर एकाच ऊर्जेवर घेतले जात असल्याने त्यांची सर्वमान्य ग्रंथालये तयार झाली; इलेक्ट्रोस्प्रेचे तुकडे उपकरणागणिक बदलतात, म्हणून मासबँक किंवा जीएनपीएससारख्या खुल्या संग्रहांशी तुलना करताना ध्रुवता, जोडआयन आणि ऊर्जा जुळतात का हे आधी पाहावे.

तरीही समान सूत्राचे समघटक रेणू मासला बहुधा वेगळे करता येत नाहीत, आणि नैसर्गिक व कृत्रिम कर्क्युमिन यांचे वस्तुमान तर अर्थातच एक. समघटक वेगळे करायचे तर मासच्या आधी द्रव-वर्णलेखन हवे. नेहमीच्या सी-१८ स्तंभावर, फॉर्मिक आम्लयुक्त पाणी आणि ॲसिटोनायट्राइल वापरल्यास, आधी बिसडिमिथॉक्सि, मग डिमिथॉक्सि आणि शेवटी कर्क्युमिन बाहेर येते. स्तंभ जोडल्याचा दुसरा लाभही तितकाच मोठा आहे: घटक वेगवेगळ्या वेळी येत असल्याने थेंबावरील स्पर्धा कमी होते, आणि सुरुवातीला बाहेर पडणारे क्षार वळण-झडपेने थेट निचऱ्यात सोडता येतात.

किती आहे, हे सांगण्यापूर्वी

शिखरांच्या उंचीवरून तीन कर्क्युमिनॉइडांचे प्रमाण काढणे हा मोह मोठा असतो, कारण आकडे समोरच असतात. बाजारातील ‘कर्क्युमिन’ या नावाने मिळणाऱ्या पावडरीत साधारण ७७ टक्के कर्क्युमिन, १७ टक्के डिमिथॉक्सि आणि ३ टक्के बिसडिमिथॉक्सि प्रकार असतो असे मानले जाते, पण वर्णपटावरील उंचींचे गुणोत्तर याच्याशी जुळलेच पाहिजे असे नाही, कारण प्रत्येकाची आयन होण्याची तयारी वेगळी आणि अर्कातील इतर पदार्थांचा दाब प्रत्येकावर वेगळा पडतो. या परिणामाला आयन-दमन म्हणतात. त्याची परीक्षा करण्याची सर्वमान्य रीत अशी, की प्रमाणित पदार्थ एकदा शुद्ध द्रावकात आणि एकदा तो पदार्थ नसलेल्या अर्कात घालून दोन्हींची शिखरक्षेत्रे ताडून पाहायची. रक्तातील औषधासाठी हे सोपे आहे, कारण औषध न घेतलेल्या माणसाचे रक्त मिळते. कर्क्युमिन नसलेली हळद मात्र मिळत नाही. अशा वेळी प्रमाण-भर पद्धत वापरावी, म्हणजे अर्काच्या समान भागांत ज्ञात मात्रेचे प्रमाणित कर्क्युमिन चढत्या क्रमाने घालावे, संकेताची रेषा काढावी आणि ती मागे वाढवून मूळ मात्रा वाचावी. याहून चांगला उपाय म्हणजे सहा हायड्रोजनांच्या जागी ड्यूटेरियम असलेले कर्क्युमिन प्रत्येक नमुन्यात समान मात्रेत घालणे. ते जवळपास त्याच क्षणी स्तंभातून बाहेर येते, त्याच दमनाला सामोरे जाते, आणि वस्तुमान सहाने जास्त असल्याने वेगळे मोजता येते. ड्यूटेरियमयुक्त रेणू स्तंभातून किंचित आधी बाहेर येण्याची प्रवृत्ती असते, म्हणून दोन्ही शिखरे खरोखर एकमेकांवर येतात का हे तपासूनच त्याच्यावर विश्वास टाकावा.

अहवालात काय लिहावे

संयुग ओळखले असे लिहिण्यासाठी प्रमाणित नमुना त्याच उपकरणावर, त्याच परिस्थितीत चालवून किमान दोन स्वतंत्र गुणधर्म, उदाहरणार्थ स्तंभातून बाहेर येण्याची वेळ आणि तुकड्यांचा वर्णपट, जुळलेले असावेत. २००७ साली चयापचय-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सुचवलेल्या पातळ्यांत यालाच सर्वोच्च स्थान दिले आहे. केवळ संग्रहातील वर्णपटाशी जुळणी झाली असेल तर ‘संभाव्य ओळख’ असे लिहावे, आणि केवळ वस्तुमान जुळले असेल तर रेणुसूत्रापलीकडे काहीही लिहू नये. नव्या संयुगाच्या नोंदीत आयनाचा प्रकार, त्याचे सूत्र, अपेक्षित आणि मिळालेले मूल्य ही चारही द्यावीत: अपेक्षित ३६९.१३३३, मिळालेले ३६९.१३२८, फरक उणे १.४ पीपीएम, अशा रीतीने. उपकरण त्या दिवशी कशाने अंशांकित केले, केशनळीचे विभव किती होते, द्रावक कोणता होता, ध्रुवता कोणती होती, हेही नोंदवावे. या तपशिलांशिवाय दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच वर्णपट मिळवता येत नाही. एखादा पदार्थ ‘आढळला नाही’ असे लिहायचे असेल, तर तोच पदार्थ त्याच अर्कात किती कमी मात्रेपर्यंत दिसू शकतो हे आधी प्रमाणित नमुना घालून तपासावे आणि तो आकडा त्याच वाक्यात द्यावा. मूळ संगणकीय फाइल आणि कोऱ्या चाचणीची फाइल एकत्र जपून ठेवाव्यात, कारण एखाद्या शिखराविषयी परीक्षकाने शंका विचारली तर उत्तर बहुधा त्या कोऱ्या फाइलमध्येच सापडते.